करंगळीच्या हाडातला स्क्रू आणि कोर्टवर परतण्याची तारीख

बास्केटबॉल खेळणाऱ्या ग्राहकांसाठी व त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

पायाच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे इन्सोल (बुटात घालायचा आधाराचा तळ) आणि व्यायामासाठी येणारे खेळाडू खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "कधीपासून खेळू?" तारीख तुमचे सर्जन ठरवतात. ती कशावरून ठरते आणि पुढे गेली तर त्यामागे काय कारण असतं, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. दाखले अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे घेतले आहेत, कारण त्या खेळाडूंच्या दुखापती आणि ऑपरेशनं सगळ्यांसमोर झाली. पैसा, डॉक्टर, मशिनरी, कशालाच तिथे तोटा नसतो, तरी हाड आपल्याच वेळेनं जुळतं.

नेमकं मोडतं कुठे

करंगळीपासून टाचेकडे, पावलाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवत या. साधारण मध्यावर एक टणक उंचवटा लागेल. तो पाचव्या मेटाटार्सल हाडाचा, म्हणजे करंगळीमागच्या पावलातल्या लांब हाडाचा बुंधा. त्याच्या थोडं पुढे, करंगळीच्या दिशेला मोड झाला तर त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांचा स्वतःचाच पाय नाचताना असा मोडला होता. १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. उंचवट्याचं फक्त टोक निघालं असेल तर ते बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय, वॉकर बूट (पाऊल हलू न देणारा टणक बूट) घालून बरं होतं. दोन्ही जागांत जेमतेम बोटभर अंतर आहे, पण उपचार वेगळे. म्हणून "करंगळीचं हाड मोडलंय" एवढं सांगून भागत नाही. रिपोर्टवर जागा काय लिहिली आहे ते आम्हाला दाखवा.

जोन्सची जागा वाईट का, तर तिथे रक्तपुरवठा कमी. हाडाच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या रक्तवाहिन्या तिथवर पोचेपर्यंत क्षीण होतात. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतासारखी या जागेची गत आहे: पाणी येतं, पण उशिरा आणि थोडं. त्यात बास्केटबॉलमध्ये झपकन दिशा बदलताना किंवा उडी मारून उतरताना सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. नुसतं प्लास्टर घातलं तर हाड न जुळण्याची किंवा पुन्हा मोडण्याची भीती बरीच असते. म्हणून स्पर्धा खेळणाऱ्यांना सर्जन सहसा स्क्रू सुचवतात. तो हाडाच्या आतल्या पोकळीतून लांबीच्या दिशेनं बसवतात. जाडी साधारण ४.५ ते ६.५ मिलिमीटर, हाडाच्या मापाप्रमाणे.

ड्युरंटचं वर्ष

केव्हिन ड्युरंट २०१४ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्या उजव्या पायाला जोन्स फ्रॅक्चर निघालं, महिना संपायच्या आत स्क्रू बसला आणि २ डिसेंबरला तो कोर्टवर परतला. अवघ्या सात आठवड्यांत! पण पाय दुखत राहिला. स्क्रूचं डोकं शेजारच्या क्युबॉइड हाडाला घासत होतं, म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये तो बदलावा लागला. मार्चमध्ये दिसलं की हाड जुळण्याऐवजी मोडलेली जागा पुन्हा बिघडत चालली आहे. मग तिसरं ऑपरेशन, या वेळी बोन ग्राफ्ट, म्हणजे मोडलेल्या जागी हाडाची भर घालणं. त्या हंगामात तो फक्त २७ सामने खेळला.

पुढे मात्र त्याला पुरेसा वेळ मिळाला. २०१५-१६ च्या हंगामात तो ७२ सामने खेळला आणि सामन्यामागे सरासरी २८.२ गुण काढले. आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही या वर्षाची गोष्ट नेहमी सांगतो, कारण तिच्यात भीती आणि दिलासा दोन्ही आहे. बेन सिमन्सचंही हेच हाड सप्टेंबर २०१६ मध्ये सराव शिबिरात मोडलं. त्याचा अख्खा हंगाम गेला, आणि पुढच्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

नॅव्हिक्युलर: याहून अवघड

पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, आतल्या बाजूला हे छोटं हाड असतं. त्याच्या मधल्या भागात रक्त कमी पोचतं. इथला तडा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. जोएल एम्बीडला २०१४ मध्ये इथे स्क्रू बसले, २०१५ मध्ये बोन ग्राफ्ट झालं आणि पहिला सामना उजाडला ऑक्टोबर २०१६ मध्ये. २०२३ मध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. साडेसात फूट उंचीच्या याओ मिंगच्या डाव्या पावलाला २००८ मध्ये ताणामुळे तडा गेला. ऑपरेशन करून तो त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिक खेळला. २००९ मध्ये त्याच पावलात पुन्हा तडा निघाला, मोठं ऑपरेशन झालं, आणि २०११ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला निवृत्त व्हावं लागलं. पावलावर, विशेषतः कमानीच्या माथ्यावर, बोट दाबल्यावर दुखत असेल तर "मुरगळलं असेल" म्हणून तेल चोळत बसू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशननंतर

पहिले काही दिवस पाय उंच ठेवायचा आणि चालताना कुबड्या वापरायच्या. मग वॉकर बूट, मग थोडा थोडा भार. किती आणि कधी, हे तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. त्याच्या पुढे आम्ही एक पाऊलही टाकू देत नाही. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनना गाठा.

खरा धोका पुढे असतो. दुखणं थांबतं, सूज उतरते, पाय बरा वाटतो, पण आत हाड अजून भरलेलं नसतं. मुलं याच टप्प्यावर गुपचूप बॉल हातात घेतात. स्कॅनवर हाड जुळलेलं दिसेपर्यंत उड्या नाहीत, यावर आम्ही ठाम आहोत, मग जिल्हा स्पर्धा परवावर आलेली असो. तोवर पोटरी, मांडी, कंबर आणि तोल यांचे व्यायाम करायला भरपूर जागा आहे. तंबाखू, गुटखा, सिगारेट पूर्ण बंद, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

इन्सोलचं काम

ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवा आणि ठसा पाहा. टाच आणि चवडा उमटला, मधली पट्टी अगदी बारीक किंवा गायब असेल, तर तुमची कमान उंच आहे. अशा पायांत भार बाहेरच्या कडेवर जास्त जातो. मग आम्ही इन्सोलची बाहेरची कड किंचित उचलून भार आत सरकवतो आणि बुंध्याखाली खोलगट जागा ठेवतो, म्हणजे तो उंचवटा टोचत नाही. इन्सोलनं हाड जुळत नाही. जुळलेल्या हाडावरचा ताण कमी होतो, एवढंच आमचं म्हणणं आहे. मऊ, हातात पिळला जाणारा बूट असेल तर चांगला इन्सोलही वाया जातो, तेव्हा नवीन बूट घेण्याआधी आम्हाला विचारा.

येताना डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्स-रे आणि खेळताना वापरलेले जुने बूट आणा. बूट धुऊन आणू नका. तळ कुठल्या बाजूनं झिजलाय, ते आम्हाला आहे तसं बघायचं असतं.