कॅलिफोर्निया: व्यसनाच्या तक्रारीत नर्सचं लायसन्स कसं वाचवायचं

बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगचं (नर्सना लायसन्स देणारं राज्याचं मंडळ) ‘अ‍ॅक्युझेशन’, म्हणजे आरोपपत्र, आलं की सोबत ‘नोटिस ऑफ डिफेन्स’ नावाचा छोटा फॉर्म असतो. त्यात कैफियत मांडत बसू नका. सुनावणी हवी, एवढंच कळवायचं. मुदत १५ दिवस. नोटीस बजावल्यापासून, पाकीट उघडल्यापासून नव्हे! दप्तरी असलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड टपाल गेलं की बोर्डाचं काम झालं. तुम्ही ट्रॅव्हल असाइनमेंटवर होता की घर बदललं होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवणं तुमचीच जबाबदारी.) उत्तर गेलं नाही तर ‘डिफॉल्ट’, म्हणजे सुनावणीविना लायसन्स रद्द होऊ शकतं. तो निर्णय बजावल्यावर, कारणं देऊन तो मागे घ्या म्हणायला फक्त ७ दिवस.

इथे वकील स्वखर्चाने. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचाच असतो, हे कृपया विसरू नका. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकांच्या दाव्यांसाठीचा विमा) असेल तर त्यात लायसन्सच्या बचावाचा खर्च आहे का बघा आणि पहिलं पत्र येताच विमा कंपनीला कळवा. फौजदारी खटलाही असेल आणि तुम्ही व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. कोर्टाने पुढे केस काढून टाकली तरी इमिग्रेशन कायद्यात त्या कबुलीमुळे गुन्हा सिद्ध झाला असंच धरलं जाऊ शकतं.

बोर्डाचा इंटरव्हेन्शन प्रोग्राम, म्हणजे देखरेखीखाली व्यसनातून बाहेर पडण्याचा कार्यक्रम, हा दुसरा रस्ता. अटी: कॅलिफोर्नियाचं लायसन्स, तिथलंच वास्तव्य, स्वेच्छेने प्रवेश, वैद्यकीय तपासणीला संमती. आणि व्यसनाच्या कारणावरून बोर्डाची आधी कारवाई झालेली नको. तक्रार मुख्यतः स्वतः अंमली औषध घेतल्याची असेल, कुणाला प्रत्यक्ष इजा नसेल, तर प्रोग्राम पूर्ण केल्यावर चौकशी बंद होते. मधेच सोडलात तर पुन्हा उघडते.

आता प्रोग्राममधल्या ड्रग्ज-अल्कोहोलच्या चाचण्या. पहिल्या वर्षी ५२ ते १०४. आज चाचणी आहे का, हे रोज विचारायचं, नंबर लागला तर त्याच दिवशी नमुना द्यायचा. आपल्या घरांत घोटाळा होतो तो स्वयंपाकघरात. अनारशावरची खसखस चाचणीत मॉर्फिन दाखवू शकते. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत मुरताना तयार झालेलं अल्कोहोल असतं. होमिओपॅथीच्या थेंबांतही असतं. ‘औषध म्हणून घेतलं’ या सबबीवर विसंबू नका, ते घरातून हलवाच.

गणपतीला गावी जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी तिथलं चाचणीचं ठिकाण मंजूर करून घ्या. विमानतळावरून केलेला ईमेल म्हणजे मंजुरी नव्हे.