शेवटच्या अ‍ॅरेची खरी लांबी

बिल्टीवर ‘१ पोतं’ लिहिलंय आणि ट्रकमध्ये पन्नास पोती आहेत. सगळेच असं लिहितात हे ठाऊक असल्याने नाक्यावरचा माणूस शेवटच्या नोंदीचा आकडा मोजायच्या भानगडीतच पडत नाही. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्ट्रक्चर म्हणजे वेगवेगळ्या माहितीचा एकत्र बांधलेला गठ्ठा आणि अ‍ॅरे म्हणजे एकसारख्या घरांची रांग. स्ट्रक्चरच्या शेवटी येणाऱ्या अ‍ॅरेंचं कित्येक वर्षं असंच चाललं होतं.

नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा भाग, ठरलेल्या मापाचा असतो, पुढचा मजकूर मात्र कधी १० बाइट, कधी १०००. १९८९च्या प्रमाण सीमध्ये अशा लांबत्या शेपटीची सोय नव्हती. मग प्रोग्रॅमर एका घराचा अ‍ॅरे लिहीत आणि मेमरी मात्र लागेल तेवढी मागत. जीसीसी या कंपायलरने (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) शून्य घरांचा अ‍ॅरेही चालवून घेतला. आकडा न लिहिता रिकामा चौकटी कंस [] ठेवण्याची अधिकृत पद्धत १९९९मध्ये आली, पण लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जुनं लेखन ठिकठिकाणी तसंच राहिलं.

खरं नुकसान भलत्याच अ‍ॅरेंचं झालं. एखादा शेवटचा अ‍ॅरे खरोखरच ८ घरांचा असला, तरी जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून कंपायलर त्यालाही लांबता समजायचा. नवव्या घरात लिहिलं तरी अ‍ॅरेच्या हद्दीची तपासणी गप्प. शेजारच्या मेमरीवर असं लिहिलं जाणं हीच हल्लेखोरांची आवडती वाट.

गुस्तावो सिल्वा, केस कुक आणि कर्नेलवर काम करणाऱ्या इतरांनी या जुन्या लेखनाची साफसफाई चिकाटीने केली. कॉक्सिनेलसारखं साधन कोडमधले ठरावीक नमुने शोधून बदलू शकतं, पण एका घराचा अ‍ॅरे त्यालाही सहज पेलत नाही. ते एक घर स्ट्रक्चरच्या मापात आधीच धरलेलं असतं, म्हणून मेमरी मागताना कुणी ‘एक वजा’ केलेलं असतं, कुणी विसरलेलं असतं. कंस रिकामा केला की माप घटतं आणि असा प्रत्येक हिशोब हाताने तपासावा लागतो. बदलाआधीचा आणि नंतरचा मशीन कोड ताडून पाहण्याची त्यांची सवय मला फार मोलाची वाटते.

२०२३मध्ये कर्नेलच्या ६.५ आवृत्तीत कंपायलरला कडक सूचना मिळाली: रिकामा कंस असेल तरच अ‍ॅरे लांबता, नाहीतर लिहिलेला आकडा खरा. आणि लांबत्या अ‍ॅरेंचं काय? त्यांची घरं किती, हे स्ट्रक्चरमधल्या कोणत्या फील्डमध्ये (रकान्यात) नोंदवलंय ते ‘काउंटेड बाय’ ही खूण कंपायलरला सांगते. आता ती एकेका स्ट्रक्चरला लावली जात आहे.