एनएलएस प्रणाली

एनएलएस ('ऑन-लाइन सिस्टिम'चे संक्षिप्त रूप) : अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डग्लस कार्ल एंगलबार्ट (३० जानेवारी १९२५–२ जुलै २०१३) आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (एसआरआय) १९६० च्या दशकात विकसित केलेली संगणक प्रणाली. माउस, पडद्यावर थेट होणारे मजकूर-संपादन, मजकुरातील दुवे आणि दूर बसलेल्या दोघांनी एकाच मजकुरावर केलेले काम या गोष्टी तिच्यात एकत्र आल्या. तिची ओळख बहुधा माउसपुरतीच उरली आहे. तो तिचा एक लहानसा भाग होता.

एंगलबार्ट यांनी अमेरिकी हवाई दलासाठी ऑक्टोबर १९६२ मध्ये लिहिलेल्या अहवालात तिची वैचारिक बैठक आढळते. अवघड प्रश्न उकलण्याची माणसाची कुवत वाढवायची, तर साधने, भाषा, कामाच्या पद्धती आणि प्रशिक्षण या चारही अंगांचा विकास बरोबरीने झाला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यांतील प्रशिक्षणाचा मुद्दा पुढील वादांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

माउसच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एंगलबार्ट यांच्या आठवणीनुसार, नकाशावरील क्षेत्रफळ मोजण्याच्या प्लॅनिमीटर या उपकरणावरून त्यांना १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही कल्पना सुचली. प्रत्यक्ष नमुना बिल इंग्लिश यांनी तयार केला. त्याचे वर्ष क्वचित १९६३, पण बहुधा १९६४ दिले जाते. लाकडी ठोकळ्याच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एकच कळ, अशी त्याची रचना होती. प्रत्येक चाक आपल्या दिशेला फिरे आणि आडव्या दिशेला नुसते घसरे. त्यामुळे पडद्यावरील दर्शकाचे (कर्सरचे) दोन निर्देशांक वेगवेगळे मिळत. 'माउस' हे नाव कोणी दिले, हे खुद्द त्या गटातील मंडळींनाही पुढे आठवत नव्हते. १९६५ च्या एका अहवालात मात्र ते छापलेले आढळते. पेटंटसाठीचा अर्ज १९६७ चा असून ते १७ नोव्हेंबर १९७० रोजी मंजूर झाले.

प्रथमत्वाचे श्रेय काही लेखक ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ च्या सुमारास केलेल्या गोलक-यंत्रणेला देतात, तर काही टेलिफुंकेन या जर्मन कंपनीच्या 'रोलकुगेल'ला. पहिल्या यंत्रणेत उपकरण जागेवर स्थिर असून हाताने केवळ चेंडू फिरवला जाई, म्हणून तिला ट्रॅकबॉलची पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरते. रोलकुगेल हा खराखुरा माउस होता आणि त्यात चाकांऐवजी चेंडू होता, पण तो १९६८ मध्ये जाहीर झाला. एंगलबार्ट यांचा माउस आणि रोलकुगेल हे दोन्ही शोध स्वतंत्रपणे लागले असावेत, हे मत सर्वांत ग्राह्य वाटते.

एंगलबार्ट यांच्या गटाने लाइट पेन (पडद्यावर टेकवून खूण करण्याचे लेखणीसारखे साधन), जॉयस्टिक, गुडघ्याने हलवायचे एक साधन आणि माउस यांची तुलनात्मक चाचणी घेतली. सरावलेल्यांच्या हाती माउस जलद ठरला, चुकाही कमी झाल्या. नवख्यांच्या बाबतीत मात्र लाइट पेन आणि गुडघ्याचे साधन वेगात पुढे होते. एंगलबार्ट यांनी कौल दिला तो सरावाला. उजव्या हातात माउस आणि डाव्या हाताखाली पाच कळींचा लहान फलक, अशी त्यांची योजना होती. कळी एकेक किंवा एकत्र दाबल्या की ३१ चिन्हे मिळत. ती शिकावी लागत. १९७१ नंतर इंग्लिश व इतर काही सहकारी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेले. तिथे शिकण्यास सोप्या मांडणीला प्राधान्य मिळाले. पाच कळींचा फलक पुढे मागे पडला.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत सुमारे हजार श्रोत्यांपुढे एनएलएसचे दीड तासाचे प्रात्यक्षिक झाले. संगणक जवळजवळ ५० किमी. दूर मेन्लो पार्कमध्येच होता. चित्र सूक्ष्मलहरींवरून, तर आज्ञा दूरध्वनीवाहिनीवरून जात होत्या. तिकडे बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा आणि दोघांनी मिळून हाताळलेला मजकूर एकाच पडद्यावर दिसला. एकत्र विचार करण्याचे साधन म्हणून संगणकाकडे पाहण्याची ही दृष्टी या प्रात्यक्षिकातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

संगणक-जाळ्यांच्या संशोधनाशी एनएलएसचा संबंध याच दृष्टीतून आला. आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अमेरिकी संगणक-जाळ्याची आखणी सुरू असताना, १९६७ मध्ये, अनेक संशोधक आपला संगणक इतरांना खुला करण्यास नाखूश होते. एंगलबार्ट यांनी जाळ्याचे माहिती केंद्र चालवण्याची तयारी स्वतःहून दर्शवली. एसआरआय हे जाळ्याला जोडले गेलेले दुसरे ठिकाण झाले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी पाठवलेला पहिला संदेश एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेतील बिल डुवाल यांच्याकडे आला. 'लॉगिन' या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचताच यंत्रणा कोलमडली. रात्री साडेदहाची वेळ लॉस एंजेलिसच्या नोंदवहीत आहे. ती दुसऱ्या, यशस्वी प्रयत्नाची समजावी. माहिती केंद्र पुढे एलिझाबेथ फाइनलर यांनी सांभाळले आणि जाळ्यातील यंत्रांच्या नावांची अधिकृत यादी तिथेच ठेवली जाई.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एनएलएस टाइमशेअर या कंपनीकडे गेली आणि 'ऑग्मेंट' या नावाने विकली जाऊ लागली. एंगलबार्ट यांना १९९७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.