कुत्रा-मांजर घरात असलं तरी लोकरीचा गालिचा चालतो

घरात कुत्रा किंवा मांजर आलं की लोकरीचा गालिचा गुंडाळून ठेवा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पण त्याची गरज नाही. लोकरीच्या तंतूवर खवल्यांचं आवरण आणि थोडा मेणचटपणा असतो. त्यामुळे सांडलेलं लगेच मुरत नाही, टिपायला थोडी सवड मिळते.

खरा घोळ होतो तो साफसफाईत. ताजी लघवी बहुधा आम्लधर्मी असते. पडून राहिली की जीवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि ती अल्कधर्मी होते. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखंच प्रथिन. अल्क तिला सोसत नाही. ब्लीच तर तिला अक्षरशः विरघळवतं. प्रथिनं फोडणारी एन्झाइमची द्रावणंही तंतू पोखरू शकतात, मग बाटलीवर ‘पाळीव प्राण्यांसाठी’ असं कितीही ठळक छापलेलं असो! कोरड्या फडक्याने दाबून टिपा, थोडं गार पाणी लावा, पुन्हा टिपा, दोन्ही बाजूंनी वारं लागू द्या. घासू मात्र नका.

नखांची काळजी असेल तर फासे असलेली वीण टाळून कापलेल्या लवेचा गालिचा घ्या. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते ती सोफ्याखालच्या अंधारात, जिथे केस साठतात. व्हॅक्यूम तिथेही फिरवा.