क्राफ्ट बिअरची नावड : थोडी पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं नोकरीसाठी पुण्याला आणि बेंगळुरूला गेली आणि जत्रेला गावी परतताना एक नवा वाद घेऊन आली. २०१० च्या आसपास त्या दोन्ही शहरांत मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारे छोटे कारखाने, सुरू झाल्या आणि त्यांची बिअर 'क्राफ्ट' म्हणून ओळखली जाऊ लागली. तोवर आमच्याकडे बिअरचे प्रकार दोनच होते, माइल्ड आणि स्ट्राँग. आता एकाच घरातला एक भाऊ आयपीएचं, म्हणजे 'इंडिया पेल एल' नावाच्या कडू बिअरचं, कौतुक करताना थकत नाही आणि दुसऱ्याला ती काढ्यासारखी लागते. पहिला दुसऱ्याला सांगतो, 'तुझी जीभ अजून तयार नाही झाली.' मी दुसऱ्या भावाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्यात आतेभावाने पहिल्यांदा नेलं तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास, फिक्या रंगापासून काळ्यापर्यंत ओळीने मांडलेले. चौथा आयपीएचा, तांबूस, वर दाट फेस. नाकाशी नेला तेव्हा पपनस सोलल्यासारखा वास आला, छान वाटलं. मग घोट घेतला.

'एकदम गिळू नकोस, तोंडात फिरव,' आतेभाऊ म्हणाला.

'फिरवली. खरं कारल्याचं पाणीच लागतंय की!'

तो हसला नाही. त्याने फोन काढून त्या बिअरला किती गुण मिळालेत ते दाखवलं. पाचपैकी चारच्या वर. तेवढ्या लोकांना आवडतं म्हणजे चूक माझ्याच जिभेची, असं तेव्हा मलाही वाटलं. हे गुण, हा कडूपणा आणि 'क्राफ्ट' हा शब्द कुठून आले याचा माग तेव्हापासून घेतोय.

आयपीएतल्या 'इंडिया'ची गोष्ट थोडक्यात सांगतो. लंडनहून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-सहा महिने लागायचे, एवढ्यात साधी बिअर नासायची, म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, वाढवून खास भारतासाठी कडू बिअर शोधली गेली, असं सांगतात. बेळगावसारख्या छावणीच्या गावात ही गोष्ट चवीने ऐकली जाते. ती अर्धीच खरी आहे. जास्त हॉप्सनी बिअर टिकते, हे बरोबर. पण त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही भरपूर यायची आणि पिण्याजोगी पोचायची. पोर्टर मुख्यतः गोऱ्या शिपायांसाठी, पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बिअर, साहेबलोकांसाठी. भारतात बिअर पाठवणारा लंडनचा सुरुवातीचा कारखाना गोदीच्या जवळ होता आणि जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. त्याचा जम बसला त्यात या दोन गोष्टींचा मोठा हात होता. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या कारखानदारांनी तो धंदा खेचून घेतला. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव तर १८२९ च्या सिडनीच्या एका वर्तमानपत्री जाहिरातीत दिसतं. म्हणजे 'आपल्याच देशाची बिअर आहे, आवडलीच पाहिजे' या आग्रहात फारसा दम नाही.

आज ग्लासात येणारी आयपीए त्या जहाजातली नव्हेच. ती अमेरिकेची आहे आणि तिचं वय माझ्या वडिलांपेक्षा कमी आहे. ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातून १९७२ मध्ये कॅस्केड नावाची हॉप्सची जात बाहेर आली. जर्मनीहून येणाऱ्या महागड्या सुवासिक हॉप्सना पर्याय म्हणून मोठ्या कारखान्यांपुढे ती ठेवली होती, पण तिचं सोनं केलं ते छोट्यांनी. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ब्रुअरीने तिच्या जोरावर एल काढली. १९७८ मध्ये घरी बिअर बनवण्यावरची बंदी केंद्रीय कायद्याने उठवली. १९८० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातून आलेल्या पेल एलने तो पपनशी वास देशभर नेला. तेव्हा तिथल्या दुकानांत एकाच चवीच्या पातळ लॅगरचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या बाटलीतल्यासारख्या बिअरचं, राज्य होतं, त्यामुळे कडूपणा ही त्या लोकांची बंडखोरी होती. ती मला समजते, तिच्याबद्दल आदरही आहे. पण पुढे चढाओढ लागली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात दुप्पट हॉप्सची आयपीए आली आणि कडूपणाचा आकडा बाटलीवर मिरवायची पद्धत पडली. आपली नेहमीची लॅगर त्या मापावर दहा-पंधराच्या आसपास असते आणि आयपीए चाळीस ते सत्तर.

आता जो शब्द सगळ्यात जास्त घोळ घालतो त्याच्याकडे वळतो : 'क्राफ्ट'. आपल्याकडे मेनूकार्डावर छापला की तो लागू झाला. अमेरिकेत त्याची व्याख्या तिथल्या छोट्या ब्रुअर्सच्या संघटनेने केली आणि तीन अटी घातल्या : कारखाना छोटा हवा, स्वतंत्र हवा, पारंपरिक हवा.

छोटा म्हणजे किती? वर्षाला २० लाख बॅरलपर्यंत. हा आकडा चवीवरून ठरलेला नाही. १९७६ च्या एका कर-कायद्याने २० लाख बॅरलच्या आतल्या कारखान्यांना अबकारीत सवलत दिली होती, तिथून तो उचलला. एक बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर, तेव्हा हा 'छोटा' कारखाना वर्षाला साडेतेवीस कोटी लिटरपर्यंत जाऊ शकत होता. २०११ च्या सुरुवातीला संघटनेने ही मर्यादा एकदम ६० लाख बॅरल केली. सत्तर कोटी लिटर! कारण कुणापासून लपलेलं नव्हतं. संघटनेचाच एक जुना आणि सर्वांत मोठा सभासद २० लाखांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. तो बाहेर गेला असता तर क्राफ्टच्या एकूण विक्रीचा आकडा एका रात्रीत खाली आला असता.

निर्णयाची बाजू घेणारे म्हणाले, १९७६ चा आकडा जुना झाला, बड्या कंपन्यांपुढे ६० लाखही किरकोळ आहेत आणि ज्याने चळवळ खांद्यावर वाहिली त्याला वाढला म्हणून घराबाहेर काढायचं का? विरोधक म्हणाले, एका सभासदासाठी मोजपट्टी ताणली. मला विरोधकांचं म्हणणं जास्त पटतं. ज्या शब्दाच्या जोरावर गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेतले जातात, त्या शब्दाची मर्यादा सोयीने तिप्पट होऊ नये.

'स्वतंत्र'चा अर्थ असा की क्राफ्ट नसलेल्या दारू कंपनीकडे २५ टक्के किंवा जास्त मालकी नको. त्याच वर्षी, २०११ मध्ये, शिकागोची एक नावाजलेली ब्रुअरी जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने विकत घेतली. भांडी तीच, कृती तीच, माणसं तीच, पण या व्याख्येने ती बिअर क्राफ्ट उरली नाही. मालकीबद्दलची भूमिका म्हणून हे मान्य आहे. जिभेला मात्र त्यातलं काहीच कळत नाही.

तिसरी अट आमच्या मुलखाला जास्त लागणारी. 'पारंपरिक'मध्ये सुरुवातीला असं धरलं होतं की चव पातळ करण्यासाठी मका किंवा तांदूळ वापरणारा क्राफ्ट नव्हे. पेनसिल्व्हेनियातला १८२९ चा एक घरंदाज कारखाना केवळ मक्यामुळे यादीबाहेर होता. २०१४ मध्ये ही आडकाठी निघाली आणि तो आत आला. २०१८ च्या अखेरीस 'पारंपरिक' हा शब्दच व्याख्येतून गेला. अमेरिकेत मका-तांदूळ आले त्याला कारण होतं. बिअरचं मुख्य धान्य बार्ली; तिथल्या सहाओळी (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या) बार्लीत प्रथिनं जास्त, नुसत्या तिच्यावर लॅगर गढूळ व्हायची, धान्य मिसळलं की स्वच्छ उतरायची. आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांच्या लॅगरमध्येही तांदूळ असतो. पण आमचे शौकीन अजून 'तांदळाची बिअर म्हणजे भेसळ' हे जुनंच वाक्य म्हणतात. ज्यांनी ते वाक्य लिहिलं त्यांनी ते कधीच खोडलं, याचा त्यांना पत्ता नाही. खानापूरच्या शेतात भाताचे पेंढे बांधलेल्या माणसाला तांदूळ म्हणजे भेसळ कसं पटावं?

आकार, मालकी, धान्य. या तिन्हींत तोंडाला काय लागतं त्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून 'तुला क्राफ्ट आवडत नाही?' या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही. आवडते किंवा नावडते ती समोरच्या ग्लासातली एक बिअर.

आता गुणांची गोष्ट. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० च्या आसपास बिअरला गुण देणारी संकेतस्थळं निघाली, २०१० मध्ये फोनवरचं अॅप आलं. त्या याद्यांच्या डोक्यावर बराच काळ जाड, काळ्या, चढ्या अल्कोहोलच्या स्टाउट आणि दुप्पट हॉप्सच्या आयपीए होत्या. माझ्या मते याचं कारण पिण्याच्या पद्धतीत आहे. गुण देणारा दोन-तीन घोट घेतो, आणि घोटाघोटाच्या चाचणीत ओरडणारी चव जिंकते. शेंगदाणे आणि मसाला पापड समोर घेऊन दोन तास बसणाऱ्याची परीक्षा वेगळी असते. त्याला तिसऱ्या ग्लासालाही तोंड आंबलेलं नको असतं.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला, पुढे १९६५ चा अबकारी कायदा आला आणि हळूहळू बार अँड रेस्टॉरंटच्या पाट्या लागल्या. आमच्या मामांच्या पिढीची बिअर तिथली : ६५० मिलीची बाटली, बर्फासारखी गार, आणि बहुतेकदा स्ट्राँग. ही आवड अडाणीपणातून आली असं मी मानत नाही. अबकारी आणि हवामान दोन्ही तिच्या मागे आहेत. उन्हाळ्यात माणसाला गार हवं असतं, आणि एका बाटलीचे पैसे मोजायचे तर त्यात जास्त अल्कोहोल असलेली बरी वाटते. २०१८ च्या केंद्रीय मानकांप्रमाणे ५ टक्क्यांच्या वर ८ टक्क्यांपर्यंतची ती स्ट्राँग. कर्नाटकाने जुलै २०२३ मध्ये बिअरवरचं जादा अबकारी शुल्क १७५ वरून १८५ टक्के केलं, आणि जानेवारी २०२५ पासून ५ टक्क्यांच्या खालच्या आणि वरच्या बिअरला मूळ शुल्काचे वेगळे दर लागू झाले. एवढं महाग घेतल्यावर 'नाही आवडली' म्हणणं जड जातं, हे मी कितीतरी टेबलांवर पाहिलंय.

सीमाभागाची अडचण आणखी वेगळी. प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी मंजुरी, म्हणून गोव्यात मिळणारा टिन बेळगावात नाही आणि निपाणीत मिळणारा वीसेक किलोमीटरवरच्या कागलात नाही. टिनवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेलं असतं, चोर्ला घाट चढून आल्यावर कणकुंबीच्या तपासनाक्यावर ते आठवतं. आणि इथवर पोचलेला टिन किती उन्हातून आला, कुणाला ठाऊक? हॉप्सचा वास आधी जातो, कडूपणा मागे राहतो, आणि जुन्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हल्ली मी टिन उलटा करून तळाची तारीख आधी बघतो. चार महिन्यांपूर्वी भरलेली आयपीए पिऊन कुणी नाक मुरडलं तर दोष त्याचा नाही.

कडूपणाबद्दल मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पांढरी पूड हवेत उडाली. एका रसायनतज्ज्ञाला तिची काहीच चव लागली नाही आणि शेजारच्याचं तोंड कडू झालं. तिथून जन्मजात फरकाचा अभ्यास सुरू झाला. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे पंचवीसेक प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे चव टिपणारे रेणू, सापडले आणि हॉप्सचा कडूपणा त्यांतले निदान तीन टिपतात. सवयीने फरक पडतो, कॉफीचंही तसंच झालं. कारलं तर आम्ही आवडीने खातो. पण कारल्यात आम्ही गूळ घालतो.

नवख्यांना ज्या बेल्जियन व्हाइटने, म्हणजे बेल्जियमच्या फिक्या गव्हाच्या बिअरने, सुरुवात करायला सांगतात, तिचंही तसंच, सवयीवर ठरतं. बेल्जियममधल्या हूगार्डन गावातली त्या पद्धतीची शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली, आणि १९६० च्या दशकात गावातल्याच एका दूधवाल्याने ती पद्धत पुन्हा उभी केली. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. बेल्जियमच्या माणसाला तो वास नवा आणि ताजा वाटत असेल. आमच्या मामांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, 'अरे, यात आमटीचा मसाला पडलाय काय?' जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ते यीस्टचं काम. मामांना ती मात्र आवडली, आपण होऊन दुसरा ग्लास मागितला.

मागच्या खेपेला पुण्यात मी सरळ साधी लॅगर मागितली. काउंटरवरच्या पोराने नकारार्थी मान हलवली. एल दोन आठवड्यांत टाकीबाहेर पडते, लॅगरला थंडीत चार-सहा आठवडे मुरावं लागतं. टाक्या मोजक्या, भाडं दर महिन्याचं, म्हणून छोटी ब्रुअरी एकामागून एक एलच काढते आणि फळीवरच्या सहा ग्लासांत लॅगरला जागा मिळत नाही. पोराने काचेमागच्या कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं. तिच्यावर खडूने तारीख लिहिली होती.

'ती लॅगरच आहे, काका. अजून तीन आठवडे.'