मॉडेल ग्लायडरसाठी ट्रान्समीटर फर्मवेअर व टेलिमेट्री

मॉडेल ग्लायडर हे चढत्या हवेच्या आधाराने तरंगणारे, जमिनीवरून रेडिओने चालवायचे छोटे विमान. हातातल्या ट्रान्समीटरमध्ये जी प्रणाली चालते ती फर्मवेअर. विमानातून उलट दिशेने जमिनीवर येणारी माहिती म्हणजे टेलिमेट्री : उंची, चढउताराचा वेग, बॅटरीचे व्होल्टेज, सिग्नलची ताकद. मोटारीच्या विमानाला ही माहिती सोयीची असते. ग्लायडरचे मात्र अर्धे उड्डाण तिच्यावर चालते. शंभर मीटर उंचीवरचा ग्लायडर सेकंदाला अर्धा मीटर चढतो आहे की उतरतो आहे, हे खालून नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ज्याला तो फरक वेळेत कळतो तो थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेत, घिरट्या घालत राहतो. बाकीचे थोड्याच वेळात जमिनीवर येतात. पुढील विवेचन इंदूर व भोवतालच्या माळव्याच्या पठारावरील उड्डाण समोर ठेवून केले आहे. यंत्रणा सगळीकडे तीच असली तरी तिची जुळवणी तिथली हवा, माती आणि कायदा पाहूनच करावी लागते.

फर्मवेअरचा वंश

सुरुवात एका स्वस्त संचापासून झाली. फ्लायस्काय कंपनीचा एक ट्रान्समीटर टर्निजी ९एक्स या नावानेही विकला जात असे. त्यातल्या चिपला प्रोग्रामसाठी ६४ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी ४ किलोबाइट जागा होती. तेवढ्या जागेत थॉमस हुस्टेरर यांनी कंपनीच्या प्रणालीऐवजी स्वतःची बसवली, ती टीएच९एक्स. तिच्यावरून एरेझ राविव्ह यांची ईआर९एक्स निघाली आणि त्याच घराण्यात बर्ट्रांड सोंगिस यांच्या पुढाकाराने ओपनटीएक्स उभी राहिली. फ्रस्काय कंपनीने टॅरॅनिस हा ट्रान्समीटर कारखान्यातूनच ओपनटीएक्स घालून विकायला काढला आणि हौशी मंडळींचे काम थेट दुकानात पोचले. २०२१ मध्ये ओपनटीएक्समधून एजटीएक्स वेगळी झाली. रेडिओमास्टर आणि जंपर या कंपन्यांचे आजचे बरेचसे संच तिच्यावर चालतात.

पंखाची जुळवणी

ग्लायडरवाल्यांनी ही फर्मवेअर उचलून धरली याचे कारण मिक्सिंग. पूर्ण सज्ज ग्लायडरमध्ये पंखाच्या मागच्या कडेला बाहेर दोन एलेरॉन व आत दोन फ्लॅप, शेपटीवर एलिव्हेटर आणि रडर, आणि ते हलवायला सहा सर्व्हो (छोट्या मोटारी) असतात आणि एका काठीच्या हालचालीने त्यांतले चार-पाच एकदम हलवावे लागतात. ओपनटीएक्स व एजटीएक्समध्ये नऊ फ्लाइट मोड, म्हणजे उड्डाणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी वेगळ्या जुळवण्या, मिळतात. थर्मल मोडमध्ये पंखाची मागची कड किंचित खाली, वेगाच्या मोडमध्ये किंचित वर, लाँचसाठी आणखी निराळी. ग्लोबल व्हेरिएबलला (अनेक मिक्समध्ये वापरता येणाऱ्या एका आकड्याला) प्रत्येक मोडमध्ये वेगळी किंमत देता येते. त्यामुळे कॅम्बरचे (पंखाच्या बाकाचे) प्रमाण बदलायला मिक्सची पाने उलटत बसावे लागत नाही, एक आकडा बदलला की झाले.

खरी परीक्षा उतरताना होते. दोन्ही एलेरॉन वर आणि फ्लॅप खाली केले की क्रो ब्रेक लागतो, ग्लायडर जागीच मंदावतो आणि नाक उचलतो. ते नाक खाली धरायला एलिव्हेटरची भरपाई लागते, आणि ही भरपाई सरळ रेषेत वाढत नाही : फ्लॅपच्या पहिल्या एक तृतीयांश हालचालीत ती जास्त लागते, पुढे कमी. म्हणून तिथे पाच बिंदूंचा कर्व्ह बसवावा. माळव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. गहू निघाल्यावर शेतात उरलेल्या धसकटांत फ्लॅप खाली ठेवून उतरले तर फ्लॅप अडकतो आणि सर्व्होचे दात तुटतात. शेवटच्या हातभर उंचीवर ब्रेकची काठी पुढे करून फ्लॅप वर घ्यायची सवय हाताला लावून घ्यावी.

व्हेरिओ

टेलिमेट्रीतला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे व्हेरिओ. हा हवेच्या दाबावरून चढउताराचा वेग काढतो. एमएस५६११ सारखा बॅरोमीटर सुमारे १० सेंटिमीटरचा फरक ओळखतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथे साधारण ९ मीटर चढल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे १० सेंटिमीटरला जेमतेम शंभरावा भाग. इतक्या नाजूक मापाला लहानसहान गोष्टी बिघडवतात. या चिपला प्रकाश चालत नाही. कॅनोपीच्या (वरच्या झाकणाच्या) फटीतून ऊन पडले की उंचीचा आकडा उडतो. फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) शिरणारा वारा वेगाबरोबर दाब बदलतो. सेन्सरवर काळ्या फोमचा सैल तुकडा ठेवला की दोन्ही त्रास बरेच कमी होतात. सेन्सर वेगळा न घेता तो रिसीव्हरमध्येच बसवलेला मिळतो. फ्रस्कायचा जी-आरएक्स८ किंवा रेडिओमास्टरचा ईआर८जीव्ही ही त्याची उदाहरणे.

व्हेरिओ कानाने वापरायचा असतो. चढ वाढला की सूर वर जातो आणि टोले जवळ येतात. फर्मवेअरच्या टेलिमेट्री पानावर त्याला चार आकडे द्यायचे असतात : वरची आणि खालची टोके, आणि मधल्या शांत पट्ट्याच्या दोन कडा. कारखान्यातून आलेली मधली पट्टी सेकंदाला उणे ०.५ ते अधिक ०.५ मीटर असते. ती तशीच ठेवणे ही ग्लायडरच्या बाबतीत चूक आहे. स्थिर हवेत चांगला ग्लायडर सेकंदाला सुमारे ०.४ मीटर उतरतोच. व्हेरिओ उणे ०.१ दाखवत असेल तर विमान उतरते आहे, पण हवा ०.३ ने चढते आहे, आणि थर्मलची कड बहुधा अशीच लागते. अधिक ०.५ ची वाट पाहणारा तिच्यातून सरळ निघून जातो. म्हणून पट्टीची वरची कड उणे ०.३ च्या आसपास आणावी, म्हणजे शांतता संपून टोले सुरू झाले की हवा चढती आहे असे समजावे. त्यासाठी आपल्या विमानाचा स्वतःचा उतार माहीत हवा. तो डिसेंबर-जानेवारीत सकाळी, ऊन तापण्याआधी मोजावा. माळव्यात त्या वेळी वारा पडलेला असतो आणि हवा खरोखर स्थिर असते.

व्हेरिओ एका बाबतीत फसवतो. वेगात असलेल्या विमानाचे नाक ओढले की ते चढते आणि सूर वर जातो. ती चढ हवेची नसून वेग खर्चून मिळालेली असते. टोटल एनर्जी व्हेरिओ हा दोष हवेतील वेग मोजून काढून टाकतो, पण त्याला बाहेर नळी बसवावी लागते. साध्या व्हेरिओवर उपाय एकच : सूर वाढला तर दोन सेकंद एलिव्हेटर स्थिर ठेवून तो टिकतो का ते ऐकावे. शिवाय मापातले बारीक चढउतार काढून टाकणाऱ्या गाळणीमुळे व्हेरिओ थोडा मागे असतो. सूर ऐकून वळाल तेव्हा विमान थर्मलच्या मध्यातून पुढे गेलेले असते, हे धरून वळण लवकर आणि घट्ट घ्यावे.

यंत्र चालू असले तरी आकाश बघणे सुटत नाही. गहू निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये माळव्याची काळी माती उघडी पडते आणि भराभर तापते. इंदूरला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात सुमारे साडेबाराला. जोरदार थर्मल बहुधा त्यानंतरच्या दोन-तीन तासांत मिळतात. घारी पंख न हलवता फिरत असतील, किंवा शेताच्या बांधावर वावटळ उठली असेल, तर व्हेरिओ बोलायच्या आधीच तिकडे वळावे. व्हेरिओ फक्त विमान जिथे आहे तिथलीच हवा सांगतो.

सिग्नल आणि इशारे

टेलिमेट्रीची वाट नियंत्रणाच्या वाटेपेक्षा अशक्त असते, कारण रिसीव्हर ट्रान्समीटरपेक्षा कमी ताकदीने बोलतो. त्यामुळे ‘टेलिमेट्री लॉस्ट’ ऐकून घाबरून काठ्या फिरवू नयेत. विमान बहुधा हातातच असते. फ्रस्कायच्या पद्धतीत आरएसएसआय (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) ४५ वर पहिला आणि ४२ वर निकराचा इशारा ठरलेला असतो. त्यावर विमान परत फिरवावे. एक्सप्रेसएलआरएस या दुसऱ्या रेडिओ पद्धतीत लिंक क्वालिटीची टक्केवारी पाहतात. तिथे टेलिमेट्रीचे प्रमाण, म्हणजे किती पॅकेटांत एक टेलिमेट्रीचे, हे आपण ठरवायचे असते, आणि ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० पॅकेट) १:६४ ठेवले तर टेलिमेट्रीचे सेकंदाला एकही पूर्ण पॅकेट येत नाही. अशा वेळी व्हेरिओ अडखळत बोलतो आणि दोष सेन्सरचा वाटतो. कार्बन फायबरचे फ्यूजलाज २.४ गिगाहर्ट्झ अडवते, म्हणून अँटेना बाहेर काढावी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येतात. बाहेरून मागवलेले ९१५ मेगाहर्ट्झचे संच या सवलतीत बसत नाहीत.

इथे टेलिमेट्रीला कायद्याचेही काम आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंतच परवानगीशिवाय उडता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिम अंगाला आहे, म्हणून इंदूरकरांना आपले शेत नेमके कुठल्या पट्ट्यात येते हे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरील नकाशावर पाहावेच लागते. इंदूरजवळच्या महूच्या लष्करी परिसराचेही तसेच. एप्रिलचा थर्मल सेकंदाला दोन मीटरने उचलत असेल तर २० मीटरवरून १२० मीटरवर जायला पन्नास सेकंद पुरतात. त्यासाठी लॉजिकल स्विचमध्ये (अट पुरी झाली की आपोआप चालू होणाऱ्या स्विचमध्ये) उंची १०० मीटरपेक्षा जास्त अशी अट घालावी आणि स्पेशल फंक्शनमधून आवाज जोडावा. तो वाजताच क्रो ब्रेक लावून खाली यावे. चढण्याच्या भरात माणूस आकडा पाहत नाही, आवाज मात्र कानावर पडतोच.

हा आवाज मराठीतही ठेवता येतो. एसडी कार्डवरच्या ‘साउंड्स’ मधल्या चालू भाषेच्या फोल्डरमध्ये मोनो, १६ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल जास्तीत जास्त सहा अक्षरांच्या नावाने ठेवली की ‘प्ले ट्रॅक’ ती वाजवतो. ‘शंभर झाले, खाली घ्या’, ‘बॅटरी उतरली’ अशी चार-पाच वाक्ये घरातल्या कुणाच्या तरी आवाजात फोनवर बोलून घ्यावीत. याचा उपयोग हौसेपुरता नाही. मैदानात चार रेडिओ एकाच इंग्रजी बाईच्या आवाजात बोलत असतात आणि ‘काका, तुमचा बोलला की माझा?’ असे विचारण्यात मोलाचे सेकंद जातात. ओळखीचा आवाज लगेच कळतो.

नोंदी

‘एसडी लॉग्ज’ हे फंक्शन चालू केले की प्रत्येक उड्डाणाची सीएसव्ही फाइल तयार होते. संगणकावर उंचीचा आलेख काढला तर थर्मलमधली प्रत्येक घिरटी पायरीसारखी दिसते : एका बाजूला भराभर चढ, दुसऱ्या बाजूला सपाट. सपाट भाग मोठा असेल तर वर्तुळ थर्मलच्या मध्यावर नव्हते. पुढच्या वेळी सूर चढला की वळण सैल आणि उतरला की घट्ट करून वर्तुळ सरकवावे.

स्पर्धांमध्ये

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत यातले बहुतेक सगळे बंद ठेवावे लागते. हाताने फेकायच्या ग्लायडरच्या एफ३के आणि मोटरने वर नेऊन सोडायच्या ग्लायडरच्या एफ५जे या थर्मलच्या वर्गांत रिसीव्हरच्या सिग्नलची ताकद आणि बॅटरीचे व्होल्टेज एवढीच टेलिमेट्री चालते, व्हेरिओ नाही. एफ५जे मध्ये मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते आणि सुरुवातीची उंची विमानातले वेगळे उपकरण नोंदवते. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा आणि त्यापुढे ३ गुण वजा होतात. म्हणून स्पर्धेच्या तयारीत व्हेरिओचा आवाज स्विचवर ठेवावा : आधी विमानाचे शेपूट पाहून अंदाज करायचा, मग आवाज उघडून पडताळायचा.

उतारावर

महूच्या पुढे जाम गेटजवळ माळव्याचे पठार संपते आणि विंध्याची कड निमाडात उतरते. वारा दक्षिणेकडून कडेवर चढत असेल तर तिथल्यासारख्या जागी थर्मलशिवायही तरंगता येते. टेलिमेट्रीची उंची मात्र चालवणाऱ्याच्या पायापासून मोजली जाते. विमान कडेच्या खाली गेले की आकडा उणे होतो, आणि तिथे वरचा नव्हे तर खालचा इशारा लागतो, साधारण उणे १० मीटरला. उलट, कडेपासून दरीवर लांब गेलेले विमान पडद्यावर ३० मीटर दाखवत असले तरी त्याच्या खालची जमीन शेकडो मीटर खाली असू शकते. १२० मीटरची मर्यादा विमानाखालच्या जमिनीपासून धरतात आणि ती बॅरोमीटरला कळत नाही, म्हणून इथे विमान कडेला लागूनच ठेवावे लागते.