काडी टेकवली आणि फांदी जागी झाली

आमच्या नागपूरच्या अंगणातल्या आंब्यावर पानांचे तीन गोळे लटकले आहेत. पाने हिरवीगार, पण त्यांच्या कडा पांढऱ्या तंतूंनी एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या. ही विणकर मुंग्यांची घरटी. तंतू त्यांच्या अळ्यांचा. कामकरी मुंग्या अळीला जबड्यात धरून पानांवरून फिरवतात. कैऱ्या उतरवायला चढलेल्या प्रत्येकाला या मुंग्यांनी प्रसाद दिला आहे. मी हल्ली सकाळी स्टूल टाकून हातभर अंतरावरून त्यांना बघत बसतो.

परवा घरट्यापासून वीतभर दूर फांदीवर एक वाळकी काडी टेकवली. जवळची मुंगी थबकली. मिशा रोखल्या, जबडे उघडले, पोट पाठीवर उचलून धरले. काडी जरा हलवताच धावून चावली आणि काही केल्या सोडेना. या मुंगीला नांगी नसते. जबड्याने कातडी फोडायची आणि त्याच जागी पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल सोडायचे, ही तिची रीत. आपल्याला झोंबते ते आम्ल.

एव्हाना आणखी दहा-बाराजणी धावल्या होत्या. त्यांना कोणी सांगितले? वासाने. हिच्या आफ्रिकेतल्या चुलत जातीवर १९७५ साली झालेले संशोधन मला फार मोलाचे वाटते. जबड्याच्या ग्रंथींतून अनेक रसायने एकदमच सुटतात, पण पसरतात वेगवेगळ्या वेगाने. हेक्झानॅल झटकन दूर पोचते आणि मुंग्या सावध होतात. मागोमाग हेक्झानॉल येते, त्या वासाच्या दिशेने वळतात. जड रसायने शत्रूपाशीच रेंगाळतात. तिथवर आलेली मुंगी चावते. ‘सावध’, ‘इकडे या’, ‘इथे चावा’ हे तिन्ही हुकूम एकाच फवाऱ्यात, अंतराप्रमाणे वाटलेले!

हद्दीवरच्या घरट्यांत पहाऱ्याला असतात त्या म्हाताऱ्या कामकरी मुंग्या. तरुण मुंग्या आत पिल्लांपाशी.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “औषध मारून टाका ना एकदाचं!” मी त्यांना चीनबद्दल सांगितले. तिथे संत्रावर्गीय बागांत कीड खायला याच मुंग्यांची घरटी आणून टांगत, अशी नोंद इ.स. ३०४ च्या सुमाराची आहे. संत्र्यांच्या गावात राहणाऱ्या काकूंना ते लगेच पटले.

काडी काढून घेतली, तरी दोन मुंग्या तिथेच होत्या. मी चहाला उठलो तेव्हाही त्या जागेला मिशा लावून बघत होत्या.